पर्समधले रिव्हॉल्व्हर आणि फायलीतले शिफारसपत्र

डिसेंबर २०२३ मधील एका रविवारी सकाळी मला अमरावतीहून एका निवृत्त शिक्षकांचा दूरध्वनी आला. त्यांची मुलगी माझ्या हाताखाली अधिकारी होती. माझी नेमणूक त्या वेळी उत्तर प्रदेशात होती आणि आमचे खाते केंद्र सरकारच्या करवसुलीशी संबंधित होते. एका गोदामावर तिने घातलेल्या छाप्यानंतर तिच्या निवासस्थानी दोन निनावी पत्रे आली होती. दुसऱ्या पत्रात ती रोज कार्यालयातून किती वाजता निघते आणि कोणत्या रस्त्याने जाते, हे अचूक लिहिले होते.

"साहेब, पोरगी तिकडे एकटी आहे," ते म्हणाले. "तुम्ही एक पत्र दिलं तर तिला पिस्तुलाचा परवाना मिळेल म्हणतात. लहानसं असतं, पर्समध्ये मावतं. आमच्या जिवाला तेवढाच आधार."

त्यांनी मागितलेले पत्र लिहिणे माझ्या दृष्टीने दोन मिनिटांचे काम होते. 'सदर अधिकाऱ्याच्या कर्तव्याचे स्वरूप पाहता जीवितास धोका संभवतो, सबब शस्त्रपरवान्याच्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' या मजकुरात फक्त नाव बदलावे लागते. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी नऊ-दहा पत्रे तरी मी सही केली असतील. परंतु त्या सकाळी मी 'बघतो' एवढेच म्हणालो. त्याला एक जुने कारण होते आणि ते येथे सांगणे भाग आहे.

२००९ च्या सुमारास माझ्या एका निरीक्षकाला मी असेच पत्र दिले होते. त्याला धमकी आली होती हे खरे. त्याला परवाना मिळाला, त्याने रिव्हॉल्व्हर घेतले, धमकी देणारा पुन्हा कधी दिसला नाही आणि मीही ती बाब विसरून गेलो. तीन वर्षांनंतर त्याच्या चुलतभावाच्या वरातीत ते रिव्हॉल्व्हर नातेवाइकांच्या हातांतून फिरले. कोणीतरी हवेत बार काढला, दुसरा काढताना हात खाली आला, आणि वरातीपुढे डोक्यावर दिव्याचे झाड घेऊन चालणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाच्या मांडीत गोळी घुसली. मुलगा वाचला, पण पाय अधू राहिला. चौकशीची कागदपत्रे माझ्याकडे अभिप्रायासाठी आली तेव्हा त्यांतील तिसरे सहपत्र म्हणजे माझे शिफारसपत्र होते. नियमाप्रमाणे माझ्यावर कसलीही जबाबदारी येत नव्हती आणि कोणी तसे म्हटलेही नाही. तरीही ते पत्र वाचताना मला जाणवले की, ज्या वस्तूची मी शिफारस केली होती ती मी कधी हातातही धरली नव्हती. तो माणूस ती कोठे ठेवणार, कशी वापरणार, त्याला ती चालवता तरी येते का, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नव्हता.

म्हणून या वेळी मी आमच्या या तरुण सहकारी बाईंना बोलावून सांगितले, "पत्र देणार नाही असे मी म्हणत नाही. पण सही करण्याआधी ती वस्तू आपण दोघेही नीट पाहू." त्या हसून म्हणाल्या, "सर, मीही ती फक्त सिनेमातच पाहिली आहे."

तसाही त्यांना प्रशिक्षणवर्ग करावाच लागणार होता. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र जोडायचे असते. कानपूरपासून दीड तासावर एका नेमबाजी संस्थेची चांदमारी आहे. तेथे असा वर्ग चाले. एक निवृत्त सुभेदार शिकवीत, आणि संस्थेचे परवानाधारक सभासद आपापली शस्त्रे घेऊन सरावाला येत. सुभेदारांच्या देखरेखीखाली आणि त्या सभासदांच्या उपस्थितीत दोन रविवार आम्ही तेथे घालवले.

निवडीला वाव किती असतो हे आधी सांगतो, कारण अमेरिकेतील नातेवाइकांकडून ऐकलेल्या गोष्टींवरून आपल्याकडे बरेच गैरसमज असतात. तिकडे लपवून बाळगायच्या लहान पिस्तुलांचे शेकडो प्रकार दुकानात मांडलेले असतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ खाली सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअरचे शस्त्र मिळत नाही. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल त्या वर्गात मोडते. उरते ते मुख्यतः बत्तीस बोअर, आणि त्याखाली बावीस. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्र आयात करणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे एखाद्याच्या आजोबांचे जुने वेब्ली अँड स्कॉट बाजारात आले, तर त्याला नव्या देशी शस्त्राच्या कित्येक पट किंमत येते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. ही किंमत दुर्मीळपणाची असते, उपयुक्ततेची नव्हे.

बत्तीस बोअर हा शब्दही फसवा आहे. परवान्यावर तो एकच असला, तरी रिव्हॉल्व्हरचे बत्तीसचे काडतूस आणि पिस्तुलाचे बत्तीसचे काडतूस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब असते आणि त्याला कडा असते, पिस्तुलाचे आखूड असते. एकाचे दुसऱ्यात वापरायचे नसते. सुभेदारांनी दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून दाखवली तेव्हा माझ्या मनात आले की, आम्ही अधिकारी ज्यावर टिप्पणी लिहितो त्या गोष्टी टिप्पणीतील शब्दांपेक्षा नेहमीच वेगळ्या निघतात.

आमच्यापुढे तीन शस्त्रे होती. पहिले होते आयुध निर्माणीचे कानपूरला तयार झालेले जुन्या पद्धतीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर. सहा घरांचे चक्र, सुमारे तीन इंचांची नळी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. मधून मोडून उघडावयाची त्याची रचना ब्रिटिश वेब्लीच्या वळणाची आहे. दुसरे 'निर्भीक'. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर, २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ते बाजारात आणले. धातू टायटॅनियमचे मिश्रण, वजन सुमारे पाचशे ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. ते दागिन्यांच्या डबीसारख्या गडद तांबड्या पेटीत मिळत असे, आणि त्यावर त्या काळी वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली होती. तिसरे होते आयुध निर्माणीचे बत्तीसचे स्वयंचलित पिस्तूल. ते चपटे असल्यामुळे पर्समध्ये सर्वांत सहज बसणारे. (आयुध निर्माणी मंडळ ऑक्टोबर २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतील कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' नावाचे, चक्र बाजूला उघडणारे नवे रिव्हॉल्व्हर आणले. त्याचेही वजन सातशे ग्रॅमच आहे. आमच्या चांदमारीवर ते तेव्हा कोणाकडे नव्हते.)

सुभेदारांनी लक्ष्य पंचवीस मीटरवर न लावता सात मीटरवर लावले. ते म्हणाले, "साहब, जिससे डर है वो पचीस मीटर से थोड़े ही आएगा।" प्रत्येक शस्त्रातून पाच-पाच गोळ्या झाडायच्या असे ठरले.

पहिल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने मागे ओढून, मग चाप दाबून बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. चार गोळ्या बशीएवढ्या जागेत लागल्या. पूर्वी कधीही शस्त्र न धरलेल्या व्यक्तीच्या मानाने हे उत्तमच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलेही. मग सुभेदारांनी घोडा न ओढता नुसता चाप दाबून झाडायला सांगितले, कारण प्रसंग आला तर घोडा ओढायला सवड नसते. आता तोच चाप लांब आणि जड झाला. एका बोटाने चक्रही फिरवायचे, घोडाही उचलायचा आणि नळीही स्थिर ठेवायची. या वेळच्या पाच गोळ्यांना बशी पुरली नाही, मोठे ताट लागले.

नंतर निर्भीक. हातात घेताच त्या म्हणाल्या, "हे किती हलकं आहे! हेच घ्यावं." पहिल्या गोळीनंतर त्यांनी ते वाक्य मागे घेतले. पाचपैकी दोन गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. कारण सरळ गणिती आहे. काडतूस तेच, गोळी तीच, म्हणून मागे येणारा रेटा तोच. शस्त्राचे वजन सातशेवरून पाचशेवर आले की ते मागे उसळण्याचा वेग आणि धक्क्याची ऊर्जा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. जे दोनशे ग्रॅम खांद्यावरून कमी होतात, ते मनगटाला भरावे लागतात. दोष शस्त्राचा नाही. ते बाळगण्यासाठी हलके केले आहे आणि त्या कामी ते हलके आहेच. परंतु बाळगणे आणि चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुकानात हातात घेऊन पाहणाऱ्याला पहिलेच काम कळते.

पिस्तुलाची अडचण निराळी होती. पहिले काडतूस नळीत आणण्यासाठी त्याचा वरचा भाग जोर लावून मागे खेचावा लागतो. आतली स्प्रिंग कडक. बाईंना ते तिसऱ्या प्रयत्नात जमले. पुढच्या तीन गोळ्या सुरेख लागल्या, रिव्हॉल्व्हरपेक्षाही चांगल्या. चौथ्या वेळी रिकामे काडतूस बाहेर पडता पडता अडकले आणि पिस्तूल मुके झाले. ते मोकळे करायला सुभेदारांना काही क्षणच लागले, पण आम्हा दोघांपैकी कोणालाही ते करता आले नसते. सुभेदारांचे म्हणणे असे की, मूठ सैल धरली की लहान पिस्तुले असा हट्ट करतात. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप दाबला की पुढचे घर समोर येते. पिस्तुलाला माणूस शिकलेला लागतो.

माझीही कामगिरी सांगतो, म्हणजे कोणाला अन्याय वाटायला नको. माझ्या वयाला दुहेरी भिंगाचा चष्मा आहे. वरच्या भिंगातून पाहिले तर लक्ष्य स्पष्ट आणि नळीच्या टोकावरील माशी धूसर. खालच्यातून पाहिले तर नेमके उलटे. लहान शस्त्रात मागची खाच आणि पुढची माशी यांत जेमतेम दहा सेंटिमीटर अंतर असते. तेथे एक मिलिमीटर चूक झाली की सात मीटरवर ती सात सेंटिमीटर होते आणि पंचवीस मीटरवर पंचवीस. लांब नळीच्या क्रीडापिस्तुलात तीच चूक कितीतरी कमी पडते. म्हणजे शस्त्र जितके लहान, तितका ते धरणारा हात अधिक तयार हवा. बाजारात मात्र लहान शस्त्र नवशिक्यांसाठी म्हणूनच विकले जाते.

दुसऱ्या रविवारी सुभेदारांनी जो प्रयोग केला तो या साऱ्यापेक्षा महत्त्वाचा होता. त्यांनी बाईंना त्यांची नेहमीची पर्स आणायला सांगितले होते. तिच्यात शस्त्र ठेवू न देता त्यांनी चष्म्याचे घर ठेवायला लावले. रिकामे शस्त्रदेखील माणसाकडे रोखायचे नाही, हा चांदमारीचा पहिला नियम त्यांनी शेवटपर्यंत कसोशीने पाळला. पर्स खांद्याला, चेन बंद, हातात फाइल. सात मीटरवर मला उभे केले आणि सांगितले, "साहब, जब मन करे चल पड़िए।" मी भरभर चालत गेलो, धावलोही नाही. त्यांच्यापाशी पोचलो तेव्हा त्यांची फाइल जमिनीवर पडली होती, चेन अर्धी उघडली होती आणि हात किल्ल्या, मोबाइल व पाण्याची बाटली यांत अडकला होता. आम्ही पाच वेळा हे केले. पाचव्या वेळी चष्म्याचे घर बाहेर आले, पण मी पोचल्यानंतर.

कोणीच काही बोलले नाही. मग बाई म्हणाल्या, "सर, याचा अर्थ पत्र लिहिणारा माणूस माझ्याजवळ येईपर्यंत मला कळायलाच हवं की हा तोच आहे. आणि ते कळलं तर मी पर्स कशाला उघडीन? मी पळेनच ना!"

त्यांच्या या वाक्यात कायद्याचेही मर्म होते. खासगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आशय बदललेला नाही. धोक्याची वाजवी भीती हवी, संरक्षणापुरतीच इजा करता येते, आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांची मदत घेण्यास सवड असेल तर हा हक्क उरत नाही. कायदा ज्या क्षणात शस्त्र चालवू देतो तो क्षण फार लहान असतो. त्या क्षणाआधी चाप दाबला तर आपण आरोपी, आणि नंतर दाबायला आपण असूच असे नाही.

शस्त्र बाळगण्याच्या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि परवान्याच्या विरोधात लिहिताना मी तो विसरत नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तो अपमान लोकांच्या मनात इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा असा आग्रह धरला. कामत हे स्वतः आय.सी.एस.चा राजीनामा दिलेले गृहस्थ होते. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि तो हक्क घटनेत आला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या निर्णयाबरोबर राज्याने एक कर्जही अंगावर घेतले. शस्त्र तुमच्या हातात सहजासहजी देणार नाही, म्हणून तुमच्या रक्षणाची जबाबदारी माझी, असे ते कर्ज आहे.

मी ज्याला दोन मिनिटांचे काम म्हटले, ते शिफारसपत्र म्हणजे हे कर्ज गुपचूप ऋणकोऐवजी धनकोच्या नावे टाकण्याची युक्ती आहे. अर्थशास्त्रात सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तूचे ठळक उदाहरण मानली जाते. रस्त्यावर दिवा लागला तर तो माझ्यापुरता लागत नाही. परवाना देऊन आपण तीच वस्तू खासगी करतो. ज्याला १,२२,३६० रुपये परवडतात त्याने ती घ्यावी. आणि त्या वस्तूचे दुष्परिणाम मात्र खासगी राहत नाहीत. ते वरातीत दिवे धरणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतात.

आकडेही विचार करण्याजोगे आहेत. २०१६ अखेरच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतील सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. लोकसंख्येचा फरक जमेस धरूनही हे अंतर प्रचंड आहे. महाराष्ट्रातून येथे आलेल्या माणसाला ते आकड्यांशिवायही दिसते. बँकेच्या रांगेत, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवात शस्त्र दिसते. येथील माझे एक स्नेही म्हणतात, "घर में गाड़ी बाद में आती है, लाइसेंस पहले।" शेजाऱ्याकडे आहे म्हणून मला हवे आणि माझ्याकडे आले म्हणून त्याला दुसरे हवे. अशा वस्तूने समाजाची एकूण सुरक्षितता वाढत नाही, फक्त प्रत्येकाचा खर्च वाढतो.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. लग्नात वा सभेत त्याचे प्रदर्शन करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर आनंदाप्रीत्यर्थ गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. म्हणजे कायद्याला शस्त्र झाकलेले हवे आणि घेणाऱ्यांतील पुष्कळांना ते दिसायला हवे. आमच्या या बाईंसारखी, खरोखर झाकून बाळगू इच्छिणारी व्यक्ती अपवादच. आणि तिच्या बाबतीत चांदमारीने दाखवून दिले की, झाकलेले शस्त्र वेळेवर बाहेर काढायला जो सराव लागतो तो करायची सोय नाही. मी पाहिलेल्या बहुतेक परवान्यांवर वर्षाला पन्नास काडतुसांची मर्यादा लिहिलेली होती. आम्ही दोघांनी मिळून दोन रविवारांत त्याहून अधिक झाडली होती आणि अजून आम्ही नवशिकेच होतो. मर्यादा ठेवण्यामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु शस्त्र द्यायचे आणि सराव द्यायचा नाही, ही मधली स्थिती सर्वांत धोक्याची आहे.

चांदमारीवरून परतताना गाडीत बाईंनी विचारले, "मग सर, तुम्ही पत्र देणार की नाही?"

मी म्हणालो, "दोन पत्रे देतो. एक आपल्याच खात्याला आणि पोलीस अधीक्षकांना. दुसरे तुम्ही मागाल तेव्हा."

पहिल्या पत्रात मी 'सहानुभूतिपूर्वक विचार' हा शब्दप्रयोग टाळला आणि मागण्या क्रमवार लिहिल्या. दोन्ही निनावी पत्रांवरून गुन्हा नोंदवावा. बाईंची येण्याजाण्याची वेळ आणि रस्ता बाहेर कसा गेला याची कार्यालयात चौकशी व्हावी. छाप्याच्या आणि जप्तीच्या दिवशी पोलीस बंदोबस्त असल्याशिवाय कोणीही अधिकारी एकट्याने जाऊ नये. सायंकाळनंतर सरकारी वाहन मिळावे. निवासस्थानाबाहेरचे चार महिने बंद असलेले दोन दिवे लावावेत. यांतील शेवटच्या मागणीसाठी मला तीन स्मरणपत्रे पाठवावी लागली हे नमूद करतो. वाहन आठवड्यात मिळाले. चौकशीत निष्पन्न झाले की, आमच्याच कार्यालयातील एक कंत्राटी कर्मचारी बाईंच्या हालचाली बाहेर कळवीत होता. तो गेला आणि पत्रे थांबली. एवढी साधी गोष्ट तपासायचे कोणाला सुचले नव्हते, मलाही नाही. शस्त्रपरवान्याचा विषय निघाला की इतर सर्व उपाय मागे पडतात. परवाना हा उपाय केल्याचे समाधान देतो.

दुसरे पत्र त्यांनी मागितले का? हो. त्या काही रविवार चांदमारीवर जात राहिल्या आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर म्हणाल्या, "अर्ज करते सर. पण हलकं नको, पहिलंच घेईन. आणि पाचपैकी पाच बशीत लागेपर्यंत घरी आणणार नाही." मी पत्र दिले, आणि त्यात त्यांनी किती सराव केला, शस्त्र घरी कोठे ठेवणार आणि घरात दुसरे कोण राहते हे लिहिले. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात प्रलंबित असतानाच त्यांची दुसऱ्या राज्यात बदली झाली. जाताना त्या भेटायला आल्या होत्या. अर्ज पुढे चालवणार का असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तिथे गेल्यावर आधी कार्यालयातल्या हजेरीचं रजिस्टर बघीन सर. मग ठरवीन." त्यांच्या वडिलांचाही दूरध्वनी आला. त्यांना अजून वाटते की पिस्तूल असते तर बरे झाले असते. बापाच्या मनाला मी चांदमारी दाखवू शकलो नाही.

शस्त्राची शिफारस करण्याची वेळ ज्या सहकाऱ्यांवर येते त्यांच्यासाठी मी आता स्वतःपुरते पाळतो ते तीन नियम लिहून ठेवतो. पहिला, अर्जदाराबरोबर एकदा चांदमारीवर जावे आणि तीच वस्तू स्वतः चालवून पाहावी. दुसरा, शिफारसपत्राआधी संरक्षणाचे पत्र लिहावे, आणि त्याला काय उत्तर आले ते शिफारसपत्रात नमूद करावे. तिसरा, दिलेल्या प्रत्येक शिफारसपत्राची नोंद स्वतःजवळ ठेवून दर वर्षी एकदा विचारावे की ते शस्त्र कोठे आहे, शेवटचे कधी चालवले आणि घरातील कोणाकोणाला त्याची जागा माहीत आहे. तिसऱ्या नियमाला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नाही. माझ्या जुन्या यादीतील सहाजणांना मी गेल्या वर्षी असे विचारले. चौघांनी परवाना मिळाल्यापासून एकही गोळी झाडलेली नव्हती. दोघांना शस्त्र नेमके कोणत्या कपाटात आहे हे सांगण्यासाठी घरी दूरध्वनी करावा लागला.

त्या यादीत सर्वांत वर २००९ चे नाव आहे. ते मी खोडलेले नाही.